शिरांचे जन्मजात वेगळेपण आणि आपली जबाबदारी

(हेदवी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर वैद्यकाचा विषय, आणि तोही शिरांसारखा आडवळणाचा, कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आपल्या मेळाव्यांत परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे पुढील शिक्षण यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु चार ओळींचा एक कागद वाचता येणे, तो समजणे आणि जपून ठेवणे यावर ज्या विषयात माणसाचे प्राण अवलंबून राहतात, तो विषयही शिक्षणाचाच आहे, असे मी मानतो. म्हणून आज हा विषय निवडला.

मुद्दा थोडक्यात असा. प्रत्येक माणसाच्या शरीरातील शिरांची मांडणी अगदी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे असतेच असे नाही. काहींची मांडणी जन्मापासून वेगळी असते. हे वेगळेपण बहुधा निरुपद्रवी असते आणि माणूस ऐंशी वर्षे जगून गेला तरी त्याचा पत्ता लागत नाही. परंतु शस्त्रक्रिया, मानेतून घातलेली सलाईनची नळी, पेसमेकर, बाळंतपण किंवा साधे इंजेक्शन अशा प्रसंगी ते एकदम पुढे येते आणि कधी कधी अनपेक्षित संकट उभे करते. एकदा ते कळल्यावर पुढच्या डॉक्टरला ते आधी ठाऊक असणे, हे अर्धे संकट टाळण्यासारखे आहे. आणि ही गोष्ट त्याला सांगण्याचे काम तुमचे-आमचे आहे.

प्रथम शीर म्हणजे काय ते पाहू. हृदयातून रक्त शरीरभर नेणाऱ्या त्या रोहिण्या आणि शरीरातून हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या नीला. नीलांनाच आपण बोलीत शिरा म्हणतो. दोहोंतील फरक हेदवीच्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. भरतीच्या वेळी आपल्या बामणघळीत लाट शिरली की अरुंद भेगेतून पाणी कसे उंच उसळते, ते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. रोहिणी कापली गेली तर रक्त तसे उसळ्या मारीत येते. शीर कापली तर ते पावसाळ्यातील पऱ्याप्रमाणे संथ वाहत राहते. शिरांतील रक्ताला जोर कमी असतो, म्हणून ते माघारी फिरू नये यासाठी हातापायांच्या शिरांत जागोजाग झडपा बसविलेल्या असतात.

विद्यार्थ्यांनी या झडपा स्वतःच्या हातावर पाहाव्यात. कोपराच्या वर एक रुमाल हलकेच बांधा. पुढच्या हातावरील शिरा फुगतील आणि मधूनमधून गाठीसारखे उंचवटे दिसतील. त्या झडपा. आता मनगटाकडील बाजूला एक बोट शिरेवर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारा. मधला भाग रिकामाच राहील, वरून रक्त परत उतरणार नाही. खालचे बोट उचलताच शीर पुन्हा भरेल. इटलीत पादुआ येथील प्राध्यापक फाब्रिसियुस यांनी १६०३ मध्ये या झडपांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांचेच शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये याच साध्या प्रयोगाच्या आधारे रक्त शरीरात फिरत असते हे सिद्ध केले. त्याहीपूर्वी सुमारे चारशे वर्षे, दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोमध्ये नावारूपास आलेले इब्न अल्-नफीस यांनी इब्न सीनांच्या शारीरावर भाष्य लिहिताना सांगितले होते की, हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त मधल्या पडद्याला भोके पाडून डावीकडे जात नाही, ते फुफ्फुसांतून फिरून जाते. शेकडो वर्षे सर्वांनी प्रमाण मानलेल्या मताविरुद्ध त्यांनी हे लिहिले. १२८८ साली ते वारले. १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितावरून एका इजिप्शियन डॉक्टरने हे ज्ञान पुन्हा उजेडात आणले. सत्य लिहून ठेवलेले होते, परंतु तो कागद योग्य माणसाच्या हाती वेळेवर पडला नाही. आजच्या विषयाशी या गोष्टीचा किती जवळचा संबंध आहे, ते पुढे ध्यानात येईल.

आता वेगळेपण येते कोठून? आपण आपल्या दोन्ही हातांच्या पाठी शेजारी शेजारी धरून पाहा. उजव्या हातावरील शिरांची जाळी डाव्या हातासारखी नसते. एकाच माणसाचे दोन हात सारखे नाहीत, मग दोन माणसांच्या शिरा सारख्या कशा असतील? पोटात बाळ वाढत असताना सुरुवातीला शिरांच्या जोड्या असतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. पुढे काही शिरा वाढतात, काही जोडल्या जातात, काही सुकून जातात. डोके आणि हात यांचे रक्त हृदयात आणणारी जी मोठी शीर, ती सामान्यतः फक्त उजव्या बाजूला राहते. डावीकडील शीर आक्रसून जाते आणि हृदयाच्या मागे तिचा एक बारीकसा अवशेष तेवढा उरतो. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये या घडामोडीचे सविस्तर वर्णन केले आणि आजही त्या अवशेषाला त्यांचेच नाव आहे.

काही बाळांमध्ये ही डावी शीर सुकत नाही, तशीच राहते. साधारणतः हजारात तीन ते पाच माणसांत हा प्रकार आढळतो. जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांत तो याच्या सुमारे दहापट आढळतो. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत अशी तीन-चार मुले असू शकतात. ती धावतात, पोहतात, कबड्डी खेळतात आणि त्यांना काहीही होत नाही, कारण बहुतेकांमध्ये ही डावी शीर हृदयाच्या मागील बाजूने वळून शेवटी उजव्याच कप्प्यात रिकामी होते. रक्त पोहोचावयाचे तेथे पोहोचते, फक्त वाट दुसरी असते.

अडचण येते ती आपण त्या वाटेने काही घालू लागतो तेव्हा. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेतून एक लांब बारीक नळी थेट आपल्या हृदयापर्यंत सारली आणि तशीच ठेवून क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे छायाचित्र काढून घेतले. त्या वेळी त्यांची हेटाळणी झाली. १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्यांना दोन अमेरिकेतील शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आज मोठ्या रुग्णालयांत मान, खांदा किंवा दंड येथील शिरेतून नळी घालणे हा रोजचा भाग झाला आहे. अतिदक्षता विभागातील रोगी, डायलिसिसवरील रोगी, कर्करोगाची औषधे घेणारे रोगी, पेसमेकर बसविलेले रोगी, या सर्वांना या वाटेचा उपयोग होतो.

समजा, एका गृहस्थांना पेसमेकर बसवावयाचा आहे. तो बहुधा छातीच्या डाव्या बाजूला बसवितात. डॉक्टर तार आत सारतात आणि ती उजवीकडे वळण्याऐवजी छातीच्या डाव्या बाजूने सरळ खाली उतरू लागते. ही तार चुकून रोहिणीत तर गेली नाही ना, अशी शंका येते. ती शीरच आहे हे कळले तरी पुढे वळण अवघड असते. हृदयाच्या मागील नाजूक भागात तार घासली तर ठोके अनियमित होऊ शकतात, क्वचित त्या जागी इजा होते किंवा रक्त गोठते. अनुभवी डॉक्टर यातून मार्ग काढतात, उजव्या बाजूने तार घालतात किंवा तारेला निराळा आकार देतात. परंतु हे आधी ठाऊक असणे आणि टेबलावर कळणे यात मोठे अंतर आहे.

याच प्रकाराचा एक अधिक दुर्मिळ भेद आहे. त्यात ही डावी शीर हृदयाच्या डाव्या कप्प्यात उघडते. एरवी शिरेतून गेलेला हवेचा बारीक बुडबुडा किंवा लहानशी गुठळी फुफ्फुसाच्या गाळणीत अडकते. येथे मात्र ही गाळणीच टळते. डाव्या हाताच्या सलाईनमधून गेलेला बुडबुडा किंवा जंतू थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि अर्धांगवायू किंवा मेंदूत पू होण्याचा धोका संभवतो. अशा माणसाच्या कागदावर ‘डाव्या हाताला सलाईन लावताना विशेष काळजी घ्यावी’ एवढे एक वाक्य लिहिलेले असेल तर परिचारिका नळीतील हवा दोनदा तपासून पाहील किंवा उजवा हात निवडील. एका वाक्याची किंमत ती किती!

आता पायांकडे वळू. पायांचे रक्त वर आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा ओटीपोटात एकत्र येतात. तेथे डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची रोहिणी आडवी जाते आणि मागे पाठीचा कणा असतो. म्हणजे ती शीर दोहोंच्या चिमट्यात सापडते. पायातील गुठळ्या उजव्यापेक्षा डाव्या पायात अधिक आढळतात हे जर्मन शास्त्रज्ञ फिरखो यांनी १८५१ मध्येच नोंदविले होते. १९५७ मध्ये माय आणि थुर्नर या दोघांनी ४३० मृतदेह तपासले, तेव्हा सुमारे २२ टक्के देहांत या ठिकाणी शिरेच्या आतून पडदे किंवा जाडसर पट्टे तयार झालेले दिसले. चिमट्याची ही रचना जन्माचीच. तिच्यामुळे होणारी दाटी वर्षानुवर्षे वाढत जाते. काही थोड्या लोकांत याहून निराळी गोष्ट असते. पोटातून वर जाणारी मुख्य शीरच अपुरी किंवा नाहीशी असते आणि रक्त आडवाटांनी वर चढते.

अशी माणसे एरवी ठणठणीत असतात. पण सिझेरियन झाले, हाड मोडून पाय महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला, मोठी शस्त्रक्रिया होऊन आठवडाभर अंथरुणावर पडावे लागले, किंवा आखातातून येताना विमानात आणि पुढे मुंबईहून गाडीत बसून सलग दिवसभराचा प्रवास झाला, की संथ वाहणारे रक्त त्या दाटीच्या जागी गोठते. पाय, बहुधा डावा, मांडीपर्यंत सुजतो, जड होतो, दुखतो. त्या गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर एकाएकी दम लागतो, छातीत दुखते, खोकल्यातून रक्त पडते, माणूस बेशुद्धही होतो. बाळंतिणीचा एकच पाय सुजला तर ‘बाळंतपणात सूज येतेच’ असे म्हणून तिला शेक देत घरी बसवू नका. त्या पायाला तेल लावून चोळणे हे तर फार घातक, कारण चोळल्याने गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्या. वेळेवर औषध सुरू झाले तर हा आजार आटोक्यात येतो.

येथे माता-भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. लग्नकार्यासाठी, रमजानसाठी किंवा हज-उमऱ्याच्या प्रवासासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या पुष्कळ भगिनी दुकानातून परस्पर घेतात. या गोळ्यांनी आणि गर्भनिरोधक गोळ्यांपैकी काहींनी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. ज्या भगिनीला पूर्वी पायात गुठळी झाली असेल, किंवा शिरांत काही जन्मजात दोष आहे असे सांगितले गेले असेल, तिने अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. त्यातून लांबचा विमानप्रवास म्हणजे दोन धोके एकत्र येतात.

आतापर्यंत न दिसणाऱ्या शिरांविषयी बोललो. काही दोष मात्र डोळ्यांना दिसतात. एखाद्या मुलाच्या ओठावर, गालावर, हातावर किंवा मांडीवर जन्मापासून निळसर मऊ फुगवटा असतो. दाबला तर बसतो, मूल रडले किंवा हात खाली लोंबला की फुगतो. मूल वाढते तसा तोही वाढतो, वयात येताना आणि मुलींमध्ये पुढे गरोदरपणात अधिक वाढतो. ही पातळ भिंतीच्या, वेड्यावाकड्या शिरांची गुंतवळ असते. तान्ह्या बाळांना होणारी लालभडक गाठ निराळी. ती जन्मानंतर काही आठवड्यांत वाढते आणि पुढील काही वर्षांत बहुधा आपोआप ओसरते. या दोन प्रकारांची पूर्वी फार गल्लत होत असे. १९८२ मध्ये मलिकन आणि ग्लोवाकी या बोस्टनच्या संशोधकांनी त्यांतील भेद स्पष्ट केला आणि तेव्हापासून उपचारांना दिशा मिळाली. म्हणून निळ्या फुगवट्याबाबत ‘मोठेपणी जाईल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. तो जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे अर्धवट उपाय. कोणी त्यावर डाग देतात, कोणी दोरा बांधतात, कोणी साधी गाठ समजून कापावयास घेतात. अशा गुंतवळीत रक्त साचून राहते आणि आतल्या आत सारखे गोठत-विरघळत असते. त्यामुळे रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक आधीच खर्ची पडलेले असतात. कापावयास घेतल्यावर रक्त थांबेनासे होते, किंवा उलट दुसरीकडे गुठळी होते. मोठ्या रुग्णालयात अशा फुगवट्यात औषध टोचून तो आक्रसवितात. तो चांगला उपाय आहे. त्यातही क्वचित वरची कातडी मरते, जवळच्या मज्जातंतूला इजा होते, किंवा एक-दोन दिवस लघवी काळसर तांबडी होते. उपचारानंतर यांपैकी काही दिसल्यास लगेच कळवावे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले असावे.

काही मुलांमध्ये एका पायावर लालसर डाग, त्याच पायावर जाड फुगलेल्या शिरा आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब व जाड, अशी तीन लक्षणे एकत्र दिसतात. पॅरिसच्या क्लिपेल आणि त्रेनोने या दोन डॉक्टरांनी १९०० मध्ये या आजाराचे वर्णन केले. पालकांना वाटते, त्या विद्रूप शिरा काढून टाकाव्यात. परंतु अशा काही मुलांत पायाच्या आतील मुख्य शीर अपुरी असते आणि वरची ती फुगलेली शीरच रक्त वाहून नेत असते. आपल्या वाडीतील शेतकऱ्याला हे पटकन समजेल. वाटेत येतो म्हणून एखादा पऱ्या बुजविला आणि मग कळले की डोंगराचे सारे पाणी त्याच पऱ्याने जात होते, तर कोपऱ्यातले भात पाण्याखाली जाणारच. म्हणून अशा पायावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून आतली वाट आहे की नाही ते पाहतात. ‘आतली शीर तपासली का?’ हा प्रश्न पालकाने विचारला तर चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. असे मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न निघतो, दोष कोणाचा? बोट बहुधा आईकडे जाते. ग्रहणात बाहेर पडली, काही वर्ज्य खाल्ले, कोणाची नजर लागली, असे बोलले जाते. बंधूंनो, यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. निळ्या गुंतवळीच्या बहुतेक रोग्यांत गर्भातील एखाद्या पेशीच्या जनुकात वाढीच्या काळात आपोआप बदल होतो आणि त्या पेशीपासून बनलेल्या भागातच दोष उतरतो, हे २००९ पासूनच्या संशोधनाने दाखविले आहे. तो बदल आईकडून आलेला नसतो आणि वडिलांकडूनही नाही. डाव्या मोठ्या शिरेचेही तेच, तिला कोणी जबाबदार नाही. काही थोडे प्रकार घराण्यात चालत येतात, ते डॉक्टर तपासून सांगतील. परंतु सुनेला बोल लावून कोणत्याही मुलाची शीर सरळ झालेली नाही.

घराण्यातून येणाऱ्या गोष्टीचे जवळचे उदाहरण हवे असेल तर ते शिरांचे नव्हे, शिरांतून वाहणाऱ्या रक्ताचे आहे आणि ते आपल्या मुंबईचेच आहे. १९५२ मध्ये परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाला असतो आणि आढळलेल्यांपैकी पुष्कळजण महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आहेत. या माणसाला जन्मभर काही त्रास नसतो. वरवर तपासले तर त्याचा गट ‘ओ’ वाटतो. पण त्याला ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर प्राणघातक प्रतिक्रिया येऊ शकते. त्याला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. म्हणूनच रक्त देण्यापूर्वी दात्याचे आणि रोग्याचे रक्त जुळवून पाहणे कधीही टाळू नये. हा गुण आई आणि वडील अशा दोघांकडून आला तरच प्रकट होतो. त्यामुळे जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत तो उमटण्याची शक्यता वाढते आणि अशा माणसाच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून भावंडांनीही तपासून घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही. उलट, असे भाऊ-बहीण एकमेकांचे प्राण वाचवू शकतात.

शिरांची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच जातीची आहे. जन्मजात, बाहेरून न दिसणारी, एरवी निरुपद्रवी आणि वैद्यकीय प्रसंगीच समोर येणारी. दोहोंवर उपायही एकच, तो म्हणजे कळलेली गोष्ट लिहून ठेवणे आणि पुढे सांगणे.

आणि येथेच आपली खरी अडचण आहे. आपल्या घरांची वाटणी तीन ठिकाणी झालेली असते. म्हातारी माणसे हेदवीला, एक भाऊ मुंबईला, दुसरा कुवेतला किंवा दुबईला. तपासणी मुंबईला होते, शस्त्रक्रिया चिपळूणला किंवा रत्नागिरीला, पुढची औषधे गावातल्या दवाखान्यात. सोनोग्राफीचा अहवाल मुंबईच्या कपाटात, सीडी मामूंच्या घरी आणि डिस्चार्जचा कागद जळवातून आणलेल्या लाकडांच्या खाली! रात्री अपरात्री तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीची वाट बंद असते, वळसा घालून रोगी नेला जातो आणि डॉक्टर विचारतात, ‘पूर्वी काही झाले होते का?’ सोबतचा पुतण्या सांगतो, ‘काहीतरी शिरेचे होते.’ या ‘काहीतरी’ने डॉक्टरला काय कळणार?

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घराने कराव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली. घरातील प्रत्येक माणसाची एक स्वतंत्र फाईल करा. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, सोनोग्राफी, स्कॅन, रक्तगट हे सर्व तीत ठेवा. २०२१ च्या जुलैतील चिपळूणच्या महापुरात किती घरांत पाणी शिरले ते आपण जाणता. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत आणि उंच फळीवर असू द्या. प्रत्येक कागदाचा फोटो काढून दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवा, एक गावातला आणि एक बाहेरचा.

दुसरी. काही वेगळेपण आढळले असे डॉक्टर म्हणाले, तर ते एका कागदावर स्पष्ट अक्षरांत लिहून मागा. वेगळेपण काय आहे, कोणत्या बाजूला आहे आणि पुढे कोणती काळजी घ्यावी, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. तो कागद पाकिटात कायम असावा.

तिसरी. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, दात काढण्यापूर्वीसुद्धा, तो कागद आपण होऊन दाखवा. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका.

चौथी. नळी, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झाल्यानंतर एकच हात वा पाय सुजणे, चेहरा व मान सुजणे, एकाएकी दम लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

पाचवी. हे सारे ऐकून घाबरून उपचार टाळू नका. शिरांचे असे वेगळेपण असलेली बहुसंख्य माणसे पूर्ण आयुष्य सुखाने जगतात. पेसमेकर लागणाऱ्याने तो बसवावा, सलाईन लागणाऱ्याने ती घ्यावी. भीती बाळगून न केलेला उपचार हा वेगळ्या शिरेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे नेतो.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्याकडे येतो. तुमच्या घरात तुम्ही कदाचित पहिले असाल ज्यांना रुग्णालयातील इंग्रजी कागद अक्षर लावून वाचता येतो. आजीच्या पिशवीतला तो घडी पडलेला कागद आज घरी गेल्यावर उघडा. न कळलेला शब्द गुरुजींना, डॉक्टरांना विचारा. त्याचा अर्थ मराठीत त्याच कागदाच्या मागे लिहा, तारीख घाला. तुमच्यापैकी काहीजण पुढे डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व्हाल, ते व्हाच. पण हे काम करावयास पदवीची वाट पाहावी लागत नाही. आठवीतल्या मुलीलाही ते करता येईल आणि तिच्या घरात त्याची गरज उद्याच पडू शकेल.